सतराव्या गणातील चार ओळी

लातूर, ४ एप्रिल

श्री. दयानंद सर,

पत्राच्या आरंभी कुशल विचारण्याचा माझा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. या पत्रात तो पाळलेला नाही आणि हे नजरचुकीने झालेले नाही.

मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. आपल्या रसायनशास्त्राच्या नोट्समधील हॅलोजनचे प्रकरण, सतरावा गण, पाने अठरा, तुम्ही नऊ जानेवारीला माझ्या छापखान्यात बसून शेवटचे तपासून दिलेत. त्यात खूण कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत ठेवली आहे?

पुढे स्मरणाबद्दल वाद नको, म्हणून सर्व क्रमाने लिहितो. चार वर्षांपूर्वी आपल्या नोट्सच्या झेरॉक्स प्रती उद्योग भवनाच्या परिसरात उघड मिळू लागल्या आणि दोन क्लासेसनी त्या स्वतःच्या नावाने वाटल्या. वर इंग्रजी ओळ आणि खाली मराठी समजूत, ही मांडणी तुमची. मराठी वाक्ये घासूनपुसून मी लिहीत असे. जळकोटकडून, किनवटकडून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेल्या मुलांना ती उपयोगी पडत, म्हणूनच ती चोरीला जात. तेव्हा उपाय तुम्ही सुचवलात. प्रत्येक प्रकरणात एक ओळ मुद्दाम चुकीची छापायची. प्रकरण शिकवून झाले की शेवटच्या तासाला वर्गात सांगायचे, अमुक पान, अमुक ओळ, पेन्सिलने दुरुस्त करा. आपल्या मुलांचे नुकसान नाही आणि चोराची प्रत मात्र त्या ओळीवरून ओळखू येणार.

खूण कुठे आहे हे तुम्ही मला कधीच सांगितले नाहीत. "अप्पा, तुम्हाला माहीत नसलेलंच बरं. उद्या कोणी विचारलं तर तुम्हाला खोटं बोलता येत नाही." मी ती माझी स्तुती समजलो. वर्गात तुम्ही "छपाईत चूक झाली आहे" असे सांगत होता. दरवर्षी प्रत्येक प्रकरणाला एकदा, असे चार वर्षे, मुलांच्या लेखी शेटकारांचा छापखाना निष्काळजी ठरत गेला. माझी मुलगी सृष्टी त्याच वर्गात बसून त्यावर मुलांचे हसणे ऐकत असे. मी तिलाही काही सांगितले नाही, कारण तुम्हाला शब्द दिला होता.

सोळा फेब्रुवारीला तुम्ही क्लास सोडून नांदेडच्या क्लासला गेलात. हॅलोजनचे प्रकरण शिकवायचे राहिले होते. मालक किशनराव यांनी आणलेल्या नव्या सरांनी ते नोट्समधूनच वाचून दाखवून संपवले. म्हणजे ती खूण दुरुस्त झालेली नाही. एकशे बारा मुले ती ओळ खरी मानून पाठ करीत आहेत आणि त्यांत सृष्टी आहे. नीटची परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. तिचे हे दुसरे वर्ष. तिसरे देण्याची तिची तयारी नाही आणि मी आग्रह करणार नाही.

नव्या सरांना मी विचारले. त्यांनी उभ्या उभ्या पाने चाळली आणि ठीकच दिसते म्हणाले. दुसऱ्या क्लासच्या सरांकडे नेण्यास किशनरावांनी मनाई केली. आपली चूक आपणच बाजारात मांडायची का, असे त्यांनी विचारले. पाठ्यपुस्तक घेऊन मी स्वतः बसलो. निम्म्या ओळी त्यात नाहीतच. उरलेल्यांपैकी कोणती त्याच अर्थाची आहे हे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ठरवता येत नाही.

तुमचा फोन लागत नाही, नांदेडचा पत्ता माझ्याजवळ नाही, म्हणून हे देगलूरला तुमच्या मातोश्रींच्या पत्त्यावर पाठवीत आहे. तुम्ही का गेलात हे विचारणे माझे काम नाही आणि त्याचे कारण मला माहीतही नाही. पान आणि ओळ तेवढी कळवावी.

मल्लिकार्जुन शेटकार


लातूर, ११ एप्रिल

दयानंद सर,

आठ तारखेला तुमच्या मातोश्री केवळाबाई यांचा फोन आला. पत्र पोचले आहे, तुम्ही आयतवारी देगलूरला येता तेव्हा देईन, आपण ते उघडलेले नाही, असे त्यांनी सांगितले. लगेच पुढे म्हणाल्या, "पण अप्पा, लई कडू लिवलंय हो. नमस्कार तरी घालायचा." मी विचारले, उघडले नाही तर कळले कसे. त्या म्हणाल्या, "नातीनं उघडलं. म्या फकस्त ऐकलं."

नंतर त्यांनी मला विचारले की हे तुम्हा दोघांचे भांडण आहे की लेकरांचे काम आहे. मी म्हणालो, लेकरांचे काम आहे. "मग त्याला वाचायला लावते," त्या म्हणाल्या. त्यांचा शब्द मी मानतो. तुमच्या उत्तराची वाट पाहत थांबणे मात्र मला शक्य नव्हते.

माझी पत्नी उज्वला हिच्या बहिणीची मुलगी तनुजा नांदेडला तुमच्याच नव्या क्लासमध्ये शिकते, हे बहुधा तुम्हाला ठाऊक नसावे. तिच्याकडून मी हॅलोजनच्या प्रकरणाची प्रत मागवून घेतली. परवा ती एसटीच्या पार्सलने आली. पाने अठरा. मांडणी माझी, समासातील चौकटी माझ्या, आणि मराठी वाक्ये माझी, स्वल्पविरामांसह. त्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही.

प्रूफ तपासण्याची आमची पद्धत तुम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहे. उज्वला एक प्रत मोठ्याने वाचते, विरामचिन्हे उच्चारून. मी दुसरी हातात धरून ओळीखाली पट्टी सरकवतो. काल सकाळी नऊला आम्ही बसलो. मला एक फरक सापडेल अशी अपेक्षा होती. तिसऱ्या पानावर तो सापडला. बंध तोडण्यास लागणारी ऊर्जा: आपल्या प्रतीत फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन असा उतरता क्रम आहे, नांदेडच्या प्रतीत क्लोरीन, ब्रोमीन, फ्लोरीन, आयोडीन. मी पट्टी खाली ठेवली आणि उज्वलाला चहा ठेवायला सांगितले, कारण काम झाले होते. ती म्हणाली, "प्रकरण संपल्यावर चहा. तुमचाच नियम आहे."

पाचव्या पानावर दुसरा फरक निघाला. इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची ओढ आपल्याकडे फ्लोरीनची सर्वांत जास्त छापली आहे, तिकडे क्लोरीनची. नवव्या पानावर तिसरा. हायड्रोजनबरोबर होणाऱ्या आम्लांत आपल्याकडे फ्लोरीनचे आम्ल सर्वांत बलवान, तिकडे सर्वांत दुर्बल. बाराव्यावर चौथा. क्लोरीन थंड आणि विरल अल्कलीत सोडल्यास काय होते आणि गरम, संहत अल्कलीत काय होते, यांची आपल्याकडे अदलाबदल आहे. चौदाव्यावर पाचवा. सिल्व्हरचे कोणते संयुग अमोनियात विरघळते, याविषयी.

एक खूण ठरली होती, सर. मी पाच मोजल्या.

पहिल्या तीन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, वरून खाली सरळ उतरणारा क्रम. प्रूफ तपासताना या ओळी डोळ्यांना सुखावल्या होत्या, हे मला स्पष्ट आठवते. सरळ क्रम मला आवडतो, हे तुम्हाला ठाऊक होते. सतराव्या गणात फ्लोरीनच मधूनमधून क्रम मोडतो, हे मला ठाऊक नव्हते. जिथे जिथे तो मोडतो तिथे तुम्ही तो सरळ करून ठेवलात, आणि मी त्यावर "बरोबर" असा शेरा मारून सही केली.

चोर ओळखायला एक ओळ पुरते. त्याहून अधिक ओळी कोणासाठी असतात? तनुजाची प्रतही जानेवारीच्याच अखेरीस छापलेली आहे. म्हणजे एकाच महिन्यात तुम्ही एक प्रकरण दोनदा लिहिलेत, जाणार होता तिथल्या मुलांसाठी खरे आणि सोडून जाणार होता त्यांच्यासाठी खोटे. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिले. सौम्य होत नाही.

आज मी पाच दुरुस्त्यांचे शुद्धिपत्र छापले आणि दुपारी वर्गात एकशे बारा मुलांना वाटले. शीर्षक "छपाईतील चुकांची दुरुस्ती" असे दिले आहे, खाली माझी सही आहे. तुमचे नाव त्यात कुठेही नाही. तुमच्या उत्तराची आता आवश्यकता राहिलेली नाही.

मल्लिकार्जुन शेटकार


लातूर, १८ एप्रिल

दयानंद सर,

मागील पत्रातील शेवटचे वाक्य मी मागे घेतो.

आनंदराज सोनकांबळे यांना तुम्ही ओळखत नाही. एका महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत ते बत्तीस वर्षे सहायक होते. निवृत्तीनंतर एका पेटीत बाटल्या आणि परीक्षानळ्या भरून खेड्यांतील शाळांत प्रयोग दाखवत फिरतात. त्यांच्या शेजारची मुलगी आपल्या क्लासला आहे. तिच्या हातातले शुद्धिपत्र घेऊन ते मंगळवारी सकाळी छापखान्यात आले आणि सही पाहून त्यांनी मला विचारले, "शेटकार अप्पा तुम्हीच का? ही पाचवी ओळ कुणी लिवली?"

मी लिहिली, म्हणालो. कशावरून, असे त्यांनी विचारले. नंतर छापलेल्या प्रतीवरून, असे मी उत्तर दिले. नंतरची प्रत ही सुधारलेली प्रत, हे माझ्या धंद्यातले पहिले सूत्र आहे. तीस वर्षांत ते चुकलेले मी पाहिले नव्हते. ते हसले नाहीत. "कागदाला इचारू नका अप्पा. नळीला इचारा," एवढेच म्हणाले आणि पेटी उघडली.

माझ्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी दोन नळ्या उभ्या केल्या. एकीत मिठाचे पाणी, दुसरीत पोटॅशियम आयोडाइडचे. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. पहिलीत दह्यासारखा पांढरा साका धरला, दुसरीत पिवळा. मग त्यांनी दोन्हींत अमोनिया घातला. वासाने माझ्या डोळ्यांना पाणी आले. पांढरा साका पाहता पाहता नाहीसा झाला, नळी पाण्यासारखी स्वच्छ. पिवळा होता तसाच राहिला. त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि मी ती बराच वेळ हलवली. पिवळा विरघळला नाही.

आपल्या प्रतीत नेमके हेच छापले होते. क्लोराइड विरघळते, आयोडाइड नाही. नांदेडच्या प्रतीत उलट होते. म्हणजे पाचवी खूण आपली नव्हती, ती तुम्ही नांदेडच्या मुलांच्या प्रतीत, नव्या चोरांसाठी ठेवलेली खूण होती. आणि मी ती खरी मानून, माझ्या सहीने, आपल्या मुलांच्या बरोबर ओळीवर छापली. चार चुका तुमच्या. पाचवी माझी.

दुपारी घरी गेलो तेव्हा सृष्टी अभ्यासाला बसली होती. ती ओळ खोड, ती शुद्धिपत्रातील चूक आहे, असे मी तिला सांगितले. तिने पाठ्यपुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवले. त्यातही बरोबर ओळ छापलेली होती, आणि तिने ती शाईच्या पेनाने, पट्टी धरून खोडली होती. "पुस्तकात उलटं होतं अप्पा," ती म्हणाली. "मला वाटलं, पुस्तकाची छपाई चुकली असेल. तुम्ही सही केली होती ना."

यानंतर मी तिला सर्व सांगितले. चार वर्षांची खुणांची पद्धत, माझे गप्प राहणे, सगळे. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे पोरं हसायची तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" मी होय म्हणालो. त्या दिवसापासून ती माझ्याशी आवश्यक तेवढेच बोलते.

आता एक गोष्ट मला दुरुस्त केली पाहिजे. चार तारखेच्या पत्रात, तुमच्या जाण्याचे कारण मला माहीत नाही, असे मी लिहिले. ते खरे नाही.

डिसेंबरच्या अखेरीस किशनरावांनी मला सांगितले की नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर फक्त क्लासचे नाव राहील, तुमचे नाव नको. सर येतात-जातात, क्लास राहतो. मी त्यांना इतकेच विचारले की अक्षर केवढे ठेवायचे. त्याच आठवड्यात मी ते मुखपृष्ठ छापले आणि तुम्हाला कळवले नाही. योग्य वेळी किशनराव सांगतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन जानेवारीला तुम्ही छापखान्यात आलात तेव्हा ती मुखपृष्ठे टेबलावर वाळत होती. तुम्ही एक उचलून पाहिले. मी काही बोलेन म्हणून तुम्ही थांबला होता, हे मला तेव्हाही कळत होते. तुम्ही विचारलेत, "अप्पा, अक्षर कोणतं वापरलंत?" मी अक्षराचे नाव सांगितले.

त्यानंतर सातव्या दिवशी तुम्ही हे प्रकरण शेवटचे तपासून मला दिलेत.

आनंदराजजींनी मला शिकवले की अधिक ओढीचा हॅलोजन कमी ओढीच्याला त्याच्या जागेवरून हुसकावतो. क्लोरीनचे पाणी ओतले की ब्रोमाइडमधून ब्रोमीन बाहेर पडते, नारिंगी रंग दिसतो. यावरून मला जे सुचले ते मी लिहिणार नाही. उपमा देणे हा माझा विषय नाही. माझे मौन तुमच्यापुरते होते. तुमच्या चार ओळी एकशे बारा मुलांपुरत्या आहेत. दोन्ही एका तागडीत बसत नाहीत, आणि माझे मौन हलके होते असेही मी म्हणत नाही.

प्रश्न आता बदलला आहे. दोन प्रतींत जिथे फरक होता तिथले मला कळले. जिथे दोन्ही प्रती सारख्या आहेत तिथेही तुम्ही काही ठेवले असेल, तर ते मला कोणत्याही ताडणीने कळणार नाही. आपल्या प्रतीत एकूण किती? आकडा कळवावा. तसेच अमोनियाची ओळ नांदेडच्या मुलांना वेळेत सांगावी. तनुजाला मी सांगितली आहे. बाकीची मुले तुमची आहेत.

मल्लिकार्जुन शेटकार


लातूर, २६ एप्रिल

दयानंद सर,

तुमचे उत्तर नाही. मातोश्रींचे आहे. "वाचलं त्यानं. तिन्ही पत्रं वाचली. जेवला न्हाई," असे त्यांनी फोनवर सांगितले. तुम्ही जेवावे, एवढेच मी त्यांना म्हणालो.

वीस तारखेला वर्गात शंकानिरसनाचा शेवटचा तास होता. मी किशनरावांकडे दहा मिनिटे मागितली. शुद्धिपत्रातील एक छपाईची चूक सांगायची आहे, असे ते समजले आणि मी त्यांना तसे समजू दिले. फळ्यापुढे उभे राहण्याची ही माझी पहिलीच वेळ. आधी पाचवी दुरुस्ती रद्द केली. आनंदराजजी बरोबर होते. त्यांनी दोन नळ्या टेबलावर ठेवून मुलांना दाखवल्या. मग मी सांगितले की उरलेल्या चार चुका छपाईच्या नाहीत, त्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत, चार वर्षे प्रत्येक प्रकरणात अशी ओळ ठेवली जात होती आणि मला ते माहीत होते. तुमचे नाव घेतले. माझे त्याआधी घेतले.

कोणी हसले नाही. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मायला, म्हणजे आम्हाला चोर समजून राहिले होते?" त्याच्या शेजारच्याने त्याला गप्प केले. पुढच्या ओळीतील एका मुलीने उभे राहून शांतपणे विचारले, "काका, मग बाकीच्या पानांचं काय करायचं?"

मी आणि आनंदराजजी अठराही पाने ओळीओळीने तपासत आहोत, परीक्षेच्या आधी प्रत्येकाला कळवू, असे मी म्हणालो. सृष्टी तिसऱ्या बाकावर होती. तिने वर पाहिले नाही.

किशनरावांनी त्याच संध्याकाळी छपाईचे सर्व काम माझ्याकडून काढून घेतले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना मुखपृष्ठावर जे हवे होते ते मी दिले होते, वर्गात जे नको होते तेही दिले.

त्या तासाला एकवीस मुले नव्हती. अभ्यासासाठी गावी गेली होती. वीस जणांना फोनवर गाठले. इस्लापूरच्या मनिषाचा फोन तीन दिवस लागला नाही. शुद्धिपत्र तिच्याकडे गेले होते, त्यातली पाचवी दुरुस्ती रद्द झाल्याचे तिला कळलेले नव्हते. चोवीसला सकाळच्या गाडीने नांदेड आणि तिथून भोकरमार्गे इस्लापूर असा मी गेलो. दुपारी पोचलो. तिची आई चांगुणाबाई अंगणात तुरीचे काड रचत होत्या. एवढ्या लांबून माणूस आलेला पाहून त्या घाबरल्या; क्लासमधून मुलीचे नाव काढले असे त्यांना वाटले. मी सांगितले की नाव काढलेले नाही, चार ओळी चुकल्या आणि पाचवी मी चुकवली, ते सांगायला आलो आहे. त्यांनी मला पाणी दिले आणि म्हणाल्या, "चार ओळीसाठी लातूरहून आलाव? फोन करायचा की." फोन लागत नाही म्हटल्यावर, "हाव, ते बी खरंच," म्हणाल्या.

मनिषाने वही आणली. चार ओळी तिने शुद्धिपत्राप्रमाणे दुरुस्त केलेल्या होत्या. पाचवीपुढे प्रश्नचिन्ह होते. मी कारण विचारले. ती म्हणाली, "काका, शाळेत आमच्या मॅडमनी करून दाखवलं होतं. पांढरा विरघळला होता. मी बघितलं होतं, म्हणून चिठ्ठी मानली न्हाई." मग ती म्हणाली, "राग मानू नका."

मी राग मानला नाही. एकशे बारांत एक मुलगी निघाली जिने माझ्या सहीपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला, आणि तिच्याकडेच मी साडेसात तासांचा प्रवास करून आलो होतो. चांगुणाबाईंनी जेवू घातल्याशिवाय सोडले नाही.

परत येताना नांदेडला दीड तास गाडी नव्हती. तुमचा क्लास बसस्थानकापासून चालत जाण्याइतका जवळ आहे, हे तनुजाने सांगितले होते. मी स्थानकावरच बसून राहिलो. आकडा समोर उभे राहून मागितला असता तर तुम्ही तो माझ्या तोंडाकडे पाहून दिला असता. मला तो तसा नको होता.

मल्लिकार्जुन शेटकार


लातूर, परीक्षेचा आदला दिवस

दयानंद सर,

तुमचे पाकीट गुरुवारी सकाळी पोचले. आत एक कोरा कागद आणि त्यावर तीन शब्द: "अप्पा, चारच. दयानंद." क्षमा मागितलेली नाही, कारण दिलेले नाही, मुखपृष्ठाचा उल्लेख नाही. मी विचारले होते तेवढ्याचेच उत्तर तुम्ही दिलेत. चार वर्षांपूर्वी अशा उत्तरावर मी फार खूश झालो असतो.

तनुजाने कळवले की अमोनियाची ओळ तुम्ही नांदेडच्या मुलांना बुधवारी सांगितलीत, पेन्सिलने दुरुस्त करून घेतलीत. त्यांना कारण काय सांगितले हे मी तिला विचारले. छपाईत चूक झाली, असे सर म्हणाले, असे तिने सांगितले. नांदेडमध्ये ज्याने ते पान छापले त्या माणसाला मी ओळखत नाही. त्याचा निरोप घेऊन कोणी माझ्याकडे आले तर मी त्याला ही पत्रे वाचायला देईन. प्रत्येकाची प्रत मी ठेवली आहे.

पाकीट आले तेव्हा आनंदराजजी माझ्यासमोर बसलेले होते. आमची चौदा पाने तपासून झाली होती, चार उरली होती. प्रत्येक ओळ आम्ही पाठ्यपुस्तकाशी, त्यांच्या जुन्या प्रयोगवह्यांशी आणि जिथे करता येईल तिथे नळीशी ताडत होतो. सिल्व्हर नायट्रेटने माझ्या उजव्या हाताची दोन बोटे काळी झाली आहेत. ती साबणाने जात नाहीत. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "घ्या, उत्तर आलं. आता कशाला डोळे फोडता? पोरांना कळवून टाका, चारच हायेत म्हणून."

मी पंधरावे पान उघडले.

"अप्पा, उत्तर आलंय ना?"

"आलंय म्हणूनच," मी म्हणालो. "नुसत्या कागदावरून एकदा सही करून बसलोय."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. पंधरावे पान गुरुवारी झाले, सोळावे आणि सतरावे काल. अठराव्या पानावर हॅलोजनांची एकमेकांशी होणारी संयुगे आहेत; त्यांतील दोन ओळी पाठ्यपुस्तकात नाहीत. त्यांसाठी आनंदराजजी त्यांच्या जुन्या प्राध्यापकांच्या घरी जाऊन आले. आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शेवटची ओळ तपासून झाली. वाचायला या खेपेस उज्वला नव्हती. सृष्टी आपणहून येऊन बसली होती. तिने पूर्णविरामासह वाचली, मी पट्टी सरकवली, आनंदराजजींनी मान हलवली.

अकरापर्यंत बाकी सगळ्या मुलांना संदेश गेले. मनिषाच्या गावच्या किराणा दुकानाचा क्रमांक मी येताना घेऊन ठेवला होता; तिथे निरोप ठेवला.

चारच होत्या. तुम्ही खरे लिहिले होते, सर. मुलांना सांगण्यासाठी मला ते वापरता आले नाही.

मल्लिकार्जुन शेटकार